प्रश्न विचारायला शिकविणारे बाबासाहेब

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांचे चरित्र लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा आम्ही जरा मागेपुढे पाहिले. आम्ही गिरणीतले कामगार. शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रपाळीच्या सुट्टीत, वाचनालयात आणि चळवळीत. बाबासाहेबांवर मोठमोठ्या विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत आणि आपल्या वस्तीत बहुतेक घरांत त्यातला एखादा तरी आहेच. म्हणून सगळे चरित्र पुन्हा सांगण्यापेक्षा त्यातला एकच धागा धरावा असे ठरविले. बाबासाहेब स्वतः कसे शिकले, आणि पुढे दुसऱ्यांच्या शिक्षणाची सोय केली तेव्हा त्या शिक्षणातून त्यांना कसा माणूस घडवायचा होता, एवढाच हा धागा आहे.

हाच धागा का, याला कारण आहे आणि ते आम्हाला कमीपणा आणणारे आहे. तरी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी वर्षावासात विहारातल्या मुलांचा रविवारचा वर्ग आमच्याकडे होता. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा पाठ करून घ्यायची, बावीस प्रतिज्ञा म्हणवून घ्यायच्या, असा तो वर्ग. एके रविवारी सहावीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, की काका, भगवान बुद्ध देव नाहीत असे तुम्ही सांगता, त्यांचे महापरिनिर्वाण झाले असेही सांगता, मग ही फुले आणि मेणबत्ती कोणासाठी? घेणारं तर कोणीच नाही. पोरं हसली. आम्हाला वाटले ही थट्टा करतेय. आम्ही तिला सर्वांसमोर खडसावले, मोठ्या माणसांना उलट बोलायचे नाही म्हणून दम दिला आणि बाहेर पायरीवर बसविले. पुढच्या रविवारपासून ती आली नाही. तिची आजी मात्र दर पौर्णिमेला विहारात येते आणि आम्हाला एका शब्दाने बोलत नाही.

त्यानंतर आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले, आणि यावेळी आम्हाला त्यात आधी कधी न दिसलेली गोष्ट दिसली.

सुभेदारांचे घर

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे लष्करी छावणीत झाला. घराणे कोकणातले, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्या काळी पलटणीतल्या शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकणे सक्तीचे होते. म्हणून ज्या समाजाला गावच्या शाळेची पायरी चढू देत नसत, त्याच समाजातल्या लष्करी घरांत अक्षरओळख पोचली होती. रामजीबाबा कबीरपंथी. घरात पहाटे अभंग-दोहे, संध्याकाळी वाचन, असा नेम असे. आई भीमाबाई मात्र भीवा पाच वर्षांचा असतानाच गेली. आत्या मीराबाईने त्याला वाढविले.

घर असे, आणि शाळा उलटी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीवाचे नाव घातले गेले. रजिस्टरातला त्याचा नंबर १९१४. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. पण त्या मुलाला त्या शाळेत काय मिळाले ते आपण विसरू नये. बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही बाकीच्या मुलांपासून लांब. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने वरून पाणी सोडायचे. शिपाई नसला तर दिवसभर तहानलेले राहायचे. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलाविले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुले ते उचलायला धावली. संस्कृत शिकायची आवड, पण ते मिळाले नाही म्हणून पर्शियन घ्यावी लागली.

म्हणजे शाळेत पुस्तकातले धडे तर होतेच, पण त्याशिवाय आणखी एक धडा रोज दिला जात होता, तो म्हणजे तू कोण आहेस याचा. त्याचे उत्तर शाळेने आधीच ठरवून ठेवले होते आणि गोणपाटावर बसवून ते मुलाकडून पाठ करून घेतले जात होते. आमच्या मते बाबासाहेबांचे पुढचे सगळे शिक्षण म्हणजे हे पाठ केलेले उत्तर खोडून स्वतःचे उत्तर शोधणे होय.

वडिलांना विचारलेला प्रश्न

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीतली एक खोली, आजूबाजूला गिरणी कामगारांची वस्ती. सुभेदारांनी मुलाला लवकर झोपवावे, रात्री दोनच्या सुमारास उठवावे आणि दिव्याखाली अभ्यासाला बसवावे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाला. आपल्या समाजात ही तेव्हा नवलाची गोष्ट. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. केळुस्कर हे विल्सन हायस्कुलातले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज एकटा वाचत बसलेला त्यांनी पाहिला होता आणि स्वतः होऊन चौकशी केली होती.

आता पुढचा प्रसंग नीट वाचावा. बाबासाहेबांनी तो स्वतः १९५६ साली आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितला आहे. सुभेदार मुलांकडून रोज रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्धाचे चरित्र वाचल्यावर त्या सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांना सरळ विचारले, की तुम्ही आम्हाला हे बौद्ध वाङ्मय का दिले नाही? ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हेटाळणी आहे तेच वाचायचा आग्रह का धरता?

सुभेदार कडक शिस्तीचे होते आणि वय, नाते, पगार, सगळ्या बाजूंनी ते मोठे होते. पण त्यांनी हात उगारला नाही आणि गप्पही बसविले नाही. त्यांनी कारण सांगितले. आपण अस्पृश्य, तुझ्या मनात न्यूनगंड येण्याची भीती. द्रोण, कर्ण ही साधी माणसे किती उंच चढली ते पाहा. वाल्मीकी तर कोळी होता, तरी रामायणाचा कर्ता झाला. हे वाचून मनातला कमीपणा जावा म्हणून मी वाचायला लावतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाला त्यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही, आणि आपल्याला त्या ग्रंथातल्या कोणत्या पात्रांचे वागणे पटत नाही तेही त्याने सांगितले. त्यावर सुभेदार काही बोलले नाहीत. आपल्या घरात बंड उभे राहिले आहे हे त्यांनी ओळखले.

हा प्रसंग आम्ही पूर्वीही वाचला होता, पण तेव्हा लक्ष फक्त मुलाच्या प्रश्नाकडे गेले होते. यावेळी वडिलांकडे गेले. त्या दिवशी सुभेदारांनी मुलाला पायरीवर बसविले असते तर?

कोलंबियातले गुरु

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या मदतीने भीमराव बी.ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदारांचे निधन झाले आणि त्याच वर्षी जुलैत, महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे गोणपाट नव्हते. वर्गात सगळ्यांबरोबर बाकावर बसायचे, प्राध्यापकांशी वाद घालायचा, मतभेद असला तरी एकत्र जेवायचे. अर्थशास्त्र मुख्य विषय, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असे जे दिसेल ते त्यांनी घेतले. परत येताना सुमारे २००० जुनी पुस्तके विकत घेऊन ठेवली होती.

तिथल्या प्राध्यापकांत जॉन ड्यूई यांचा ठसा त्यांच्यावर खोल उमटला. ड्यूई हे तत्त्वज्ञ, आणि शाळेचा विचार करणारे तत्त्वज्ञ. १८९६ साली शिकागोला त्यांनी प्रयोगाची शाळा काढली होती. मूल म्हणजे रिकामे मडके नव्हे की वरून ज्ञान ओतले आणि भरले, असे त्यांचे मत. माणूस अडतो तेव्हा विचार करायला लागतो, म्हणून शाळेत मुलाला अडचण पडू द्यावी, शोधू द्यावे, दुसऱ्याशी बोलून तपासू द्यावे. लोकशाही ही निवडणुकीपुरती नसून एकमेकांशी वागण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे आणि ती शाळेपासून सुरू होते, असे ते मांडत. बाबासाहेबांच्या पुढच्या लिखाणात लोकशाही, समता, बंधुता यांचा जो अर्थ येतो त्यात या गुरूची खूण दिसते. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना मानाची पदवी दिली. त्यासाठी ते निघाले होते आणि ड्यूईंना भेटायची ओढ होती. पण त्याच आठवड्यात ड्यूई वारले आणि भेट राहून गेली.

शंभरातले अठरा

लंडनचे शिक्षण पैशाअभावी मध्येच तुटले, १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले, पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परतले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. शिकवा, चेतवा, संघटित करा हे सूत्र या सभेपासूनचे. सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. तिथल्या विद्यार्थ्यांनी सरस्वती विलास नावाचे मासिक चालविले. मुलांच्या पोटाची सोय झाली तेवढ्यावर काम थांबले नाही, त्यांना लिहायला आणि आपले मत मांडायलाही लावले, हे ध्यानात घ्यावे.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब शिक्षणखर्चावर बोलले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून त्याच माणसाकडून दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हा हिशोब त्यांनी मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ परत निरक्षर होतात, हेही दाखवून दिले. शाळेत आलेले मूल पुरते साक्षर होईपर्यंत शाळेतच टिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

हा आकडा वाचला की आम्हाला आमचा पहिलीचा वर्ग आठवतो. वाडीवरची कातकऱ्यांची पोरं आमच्या शेजारी बसत. दिवाळी झाली की आईबापाबरोबर वीटभट्टीला नाहीतर कोळशाच्या कामाला जात आणि पावसाच्या तोंडाला परत येत. गुरुजी विचारीत मागचा धडा पाठ आहे का. कसा असणार? छडी बसायची. चौथीला गेलो तेव्हा त्यातले एकही पोर वर्गात नव्हते. त्यांना भट्टीवरचे काय येते, डोंगरातले काय कळते, हे कोणी कधी विचारले नाही. आम्हीही नाही.

महाडचे सांगणे

त्या भाषणानंतर आठच दिवसांत, १९ आणि २० मार्च १९२७ ला, महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. महाड आणि आपले कर्जत-खालापूर तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होते, १९८१ पासून तोच रायगड जिल्हा. तळ्याच्या पाण्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना जे सांगितले ते कमी लोकांच्या लक्षात आहे. मेलेले जनावर ओढणे, उष्टे मागणे सोडा, हे तर सांगितलेच. त्याबरोबर असेही सांगितले की उच्च-नीचपणाची कल्पना आधी स्वतःच्या मनातून उपटून काढली पाहिजे, आणि स्वावलंबन, स्वाभिमान व स्वतःची ओळख या तिन्हींवाचून आपला उद्धार नाही.

स्वतःची ओळख हा शब्द आपल्याकडे साधू-बैराग्यांच्या तोंडी असतो. ध्यानाला बसावे, आत पाहावे, असा त्याचा अर्थ लावतात. बाबासाहेबांनी तो तळ्याच्या काठी, उन्हातान्हात चालत आलेल्या माणसांना सांगितला. त्यांच्या सांगण्यात स्वतःला ओळखणे म्हणजे लोकांनी आपल्यावर चिकटविलेले नाव आपण खरे मानतो का, ते तपासणे होते. साताऱ्याच्या शाळेत मिळालेल्या त्या जुन्या धड्याचे हे उत्तर होते.

सिद्धार्थ आणि मिलिंद

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, ते लष्कराच्या जुन्या बराकीत. वर्ग सकाळी लवकर भरत, कारण शिकणारी मुले दिवसा कचेरीत किंवा कारखान्यात कामाला जात. आमच्यासारख्या पाळीवाल्याला याचे महत्त्व सांगायला नको. त्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद होती. मुलांनीच मंत्री व्हायचे, मुलांनीच विरोधात बसायचे आणि विधेयकावर वाद घालायचा. १९५० साली देशाचे कायदेमंत्री असताना बाबासाहेब स्वतः या मुलांच्या संसदेत हिंदू कोड बिलावर बोलायला गेले होते.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. उच्च शिक्षणाची सोय नसल्यासारखीच. जून १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि सगळ्या परिसराला नागसेनवन. तिथे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी युगयात्रा हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले. दलित साहित्याच्या आणि रंगभूमीच्या चळवळीत नागसेनवनात शिकलेली किती माणसे आहेत ते सर्वांना माहीत आहे.

मिलिंद नाव का? एखाद्या दानशूर शेठजीचे का नाही, की एखाद्या देवाचे? मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. त्याची राजधानी सागल, ती आताच्या पाकिस्तानातल्या सियालकोटला होती असे मानतात. वादविवादात त्याने भल्याभल्या पंडितांना गप्प केले होते. मग भिक्खू नागसेन भेटले. राजाने प्रश्नांवर प्रश्न विचारले, उत्तरे पटली आणि आपली हार मोकळ्या मनाने मान्य केली. पटले तर ते मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा बाबासाहेबांना मोलाचा वाटला. पुढे महाविद्यालयाच्या आवारात शाळाही निघाली आणि तिलाही मिलिंदाचेच नाव मिळाले. दाखल्यावर, बिल्ल्यावर, वहीच्या कव्हरावर रोज प्रश्न विचारणाऱ्याचे नाव. बाबासाहेबांना कोणता विद्यार्थी हवा होता हे याहून वेगळे काय सांगायचे?

राजा म्हणून की पंडित म्हणून

आम्ही आजवर मिलिंद हे नाव शेकडो वेळा घेतले, मुलांची नावेही मिलिंद, नागसेन ठेवली, पण मिलिंदप्रश्न हा ग्रंथ उघडला नव्हता. त्या मुलीच्या प्रकारानंतर तो मराठीत मिळवला आणि दोन महिने वाचला. त्यातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली भेट होते तेव्हा राजा नाव विचारतो. नागसेन म्हणतात, मला नागसेन म्हणतात, पण ते फक्त हाक मारायचे नाव आहे. राजा चकित होतो. मग नागसेन विचारतात, तू रथातून आलास ना, तर रथ कोणता ते दाखव. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? एकेक करून राजा नाही म्हणतो. सगळे भाग जुळून आले म्हणजे आपण रथ म्हणतो, तसेच माणसाचेही. ज्याला जन्मापासून जातीचे नाव चिकटले त्याने ही गोष्ट मन लावून वाचावी. केसात, नखात, रक्तात शोधले तर ती जात कुठे सापडते?

दुसरी गोष्ट. संवाद चालू ठेवायचा तर नागसेन एक अट घालतात. तू पंडितासारखा बोलणार असशील तर मी बोलेन, राजासारखा बोलणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात कोणी हरतो, कोणी जिंकतो, पण कोणी रागावत नाही. राजे मात्र आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याला शिक्षा करतात. हे वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून ठेवले. कारण त्या रविवारी विहारात आम्ही सहावीतल्या मुलीशी राजासारखे बोललो होतो. आमच्याकडे राज्य नव्हते, एक खुर्ची होती, तरीही.

तिसरी गोष्ट तर आमची झोप उडविणारी होती. राजा मिलिंद विचारतो, भगवान बुद्धांचे परिनिर्वाण झाले, ते आता काहीच स्वीकारत नाहीत, मग त्यांची पूजा वाया नाही का गेली? म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलीचाच प्रश्न! त्यावर नागसेन विस्तवाचा दाखला देतात. मोठी आग पेटून विझली, आता ती गवत-लाकूड मागत नाही. म्हणून जगातून विस्तव संपला का? ज्याला हवा तो आपल्या कष्टाने लाकूड घासून विस्तव पेटवतो. तसे बुद्ध काही घेत नाहीत, परंतु त्यांच्या गुणांची आठवण धरून माणूस स्वतःत चांगुलपण पेटवतो, फळ त्याचे त्यालाच मिळते.

ज्या प्रश्नाला दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूने एवढे मोठे उत्तर दिले, तो प्रश्न विचारणाऱ्या लेकराला आम्ही बाहेर बसविले होते.

पन्नास वर्षांची तपासणी

काही लोक म्हणतात पोरांना आधी श्रद्धा शिकवा, प्रश्न मागाहून. बाबासाहेबांचे आयुष्य पाहिले तर क्रम उलटा दिसतो. केळुस्करांचे पुस्तक १९०७ च्या सुमारास हाती आले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. त्यानंतरही एकवीस वर्षे त्यांनी निरनिराळे धर्म तपासले, पाली शिकले, सिलोन आणि ब्रह्मदेशात जाऊन पाहिले. घाटापलीकडे, आपल्यापासून फार लांब नव्हे, देहू रोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच वर्षी मुंबईत बोलताना बुद्ध, कबीर, फुले हे आपले तीन गुरू आणि विद्या, स्वाभिमान, शील ही आपली तीन दैवते असल्याचे त्यांनी सांगितले. मग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला भन्ते चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. पुस्तक हाती पडल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी विचारले, वाचले, ताडून पाहिले. एवढ्या तपासणीतून गेली म्हणून ती श्रद्धा पक्की होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ पुढच्या वर्षी छापून आला. केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी दिलेला उपदेश त्यात आहे. कोणी सांगितले म्हणून, पोथीत आहे म्हणून, गुरू मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय. विहारात आम्ही तो दरवर्षी वाचतो.

आपल्या डोंगरातले अंतेवासी

कर्जतहून कोंदिवड्याला गेले की वर राजमाचीच्या पोटात कोंडाण्याची लेणी आहेत. आपण सहलीला जातो, धबधब्याखाली भिजतो आणि परत येतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या त्या चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एका मोडक्या मूर्तीपाशी ब्राह्मी अक्षरे आहेत. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्यांचा अर्थ. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. आपल्या तालुक्यातल्या इतक्या जुन्या अक्षरांत एका विद्यार्थ्याचे नाव आहे आणि त्याने आपल्या गुरूचे नाव आठवणीने कोरले आहे. आंबिवलीच्या लेण्यांतही भिक्खू राहत. पावसाळ्यात जिथे गुरुशिष्य एकत्र बसत, तिथे त्यांच्यात प्रश्नोत्तरे झाली नसतील असे कसे म्हणता येईल?

आता जगातही हे चालू आहे. कोलंबिया विद्यापीठात, जिथे बाबासाहेब शिकले, तिथे पुढे शिकलेले आणि शिकवलेले मॅथ्यू लिपमन यांनी १९७० नंतर मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. गोष्ट वाचायची, मुलांनी गोल बसायचे, त्यांनीच प्रश्न काढायचे आणि एकमेकांना कारण विचारत चर्चा करायची, अशी त्यांची पद्धत. १९७४ साली त्यांनी त्यासाठी संस्था काढली आणि बऱ्याच देशांत ती पद्धत गेली. आपल्याला मात्र कोणाची नक्कल करायची गरज नाही. आपल्याकडे नागसेन आहेत, सुभेदार आहेत.

गेल्या वर्षावासापासून रविवारच्या वर्गाची रीत आम्ही बदलली. वंदना आणि पंचशील पूर्वीसारखेच. पाठांतर निम्मे केले. उरलेल्या वेळात मुलांनी गोल बसायचे आणि प्रश्न काढायचे, आम्हीही खुर्ची सोडून चटईवर बसायचे. उत्तर आले नाही तर येत नाही म्हणायचे आणि पुढच्या रविवारी शोधून आणायचे. रागवायचे नाही, ही नागसेनांची अट आम्ही स्वतःला घातली आहे. अजून कधीकधी आवाज चढतो, तेव्हा मुलेच आठवण करून देतात. वाडीवरची दोन कातकरी मुले येऊ लागली आहेत. त्यातल्या एकाने भट्टीत वीट कच्ची का राहते ते इतके छान समजावून सांगितले की विज्ञानात पहिला येणारा मुलगासुद्धा त्याला प्रश्न विचारत बसला.

त्या मुलीच्या घरी आम्ही गेलो होतो. चुकलो असे तिला तिच्या आजीसमोर सांगितले आणि मिलिंद राजाचा प्रश्नही सांगितला. राजानेही हेच विचारले होते म्हटल्यावर तिने मान वर करून पाहिले. येते म्हणाली नाही. तिचा धाकटा भाऊ मात्र येतो. घरी गेल्यावर ताई आज काय काय विचारलं ते सगळं विचारते, असे तो सांगतो.

आपापल्या घरी प्रत्येक उपासक-उपासिकेने एवढे करावे अशी आमची विनंती आहे. शाळेतून आलेल्या मुलाला किती मार्क पडले हे विचारता तसे आज तू काय विचारलेस हेही विचारा. त्याने आपल्यालाच अडचणीचा प्रश्न विचारला तर परळच्या त्या खोलीतले सुभेदार रामजीबाबा आठवा.

जयभीम, नमो बुद्धाय.